ओढ्यावरचा बंधारा आणि नदीचा पूर

सांगलीत पाणी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याच दिवसांत याच जिल्ह्याच्या जत तालुक्यात आणि शेजारच्या साताऱ्यातल्या माणमध्ये टँकरच्या फेऱ्या चालू होत्या. तिकडे विहिरीची खोली परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात, आणि किती परसांवर पाणी लागले यावर गावात वादही होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर, माणदेशात, पाचशे मिलिमीटर झाला तर वर्ष बरे गेले म्हणायचे.

या दोन्ही टोकांची नजर एकाच वस्तूवर खिळलेली असते, ती म्हणजे ओढ्यावरचा लहानसा बंधारा.

पूर्वेकडे त्याच्याकडून पाणी मागतात, ते समजण्यासारखे आहे. पश्चिमेकडे मात्र 2005, 2019 आणि 2021 अशा तीन महापुरांनंतर त्याच्याविषयी दोन परस्परविरोधी वाक्ये ऐकू येतात. वर ओढ्या-ओढ्यांवर बंधारे घातले असते तर सांगली बुडली नसती, हे एक. जागोजागी बंधारे घालून ठेवलेत म्हणूनच पाणी तुंबते, हे दुसरे. चहाच्या टपरीवर दोन्ही वाक्ये एकाच तावातावाने बोलली जातात. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण ते ओढ्याच्या काठापुरते. कृष्णेच्या काठावर आणून ठेवली की दोन्ही लंगडी पडतात, कारण बोलणाऱ्याने आकाराचा हिशेब केलेला नसतो.

तो हिशेब अवघड नाही. एका सिमेंट नाला बांधात दहा टीसीएम, म्हणजे दहा हजार घनमीटर पाणी मावते असे धरू. पुष्कळ बांध याहून लहान असतात, पण आकडा सोपा आहे. असे हजार बांध घातले तर साठा झाला एक कोटी घनमीटर. धरणांच्या भाषेत हा साठा सुमारे 0.35 टीएमसी (अब्ज घनफूट) भरतो, आणि एकट्या कोयना धरणात 105.25 टीएमसी मावते. कृष्णेतून लाखभर क्युसेक पाणी वाहत असेल तर ते हजार बांध भरायला एक तास पुरे. महापुरात नदी याहून कितीतरी जास्त वाहते आणि दिवसचे दिवस वाहते. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. माणदेशात वर्षभरात जेवढा पडत नाही तेवढा तिथे एका दिवसात पडला. असा पाऊस कोयनेच्या 892 चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर पडू लागला की त्यापुढे ओढ्यावरच्या भिंतीचा टिकाव तो काय लागणार! शिवाय सह्याद्रीच्या पायथ्याचे बांध जुलै उजाडायच्या आतच भरून सांडव्यावरून वाहत असतात. महापूर येतो तेव्हा ते जागच्या जागी असतात, पण पूर पोटात घेण्याइतकी जागा त्यांच्यात उरलेली नसते.

सांगलीच्या पुराचा विषय आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे नाव निघतेच. 2019 च्या महापुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने तो पूर अलमट्टीमुळे आला असे मानले नाही. वाद त्यानंतरही शमलेला नाही आणि तो इथे सोडवायचाही नाही. पण त्या वादातला फुगवटा, म्हणजे पुढे अडलेले पाणी मागे चढणे, हा शब्द उपयोगाचा आहे, कारण फुगवटा फक्त मोठ्या धरणाचा नसतो. कृष्णा चढली की वारणा, पंचगंगा, येरळा या सगळ्या संगमापाशी मागे हटतात. येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. 8 ऑगस्ट 2019 ला तिथेच पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटून 17 जणांचा जीव गेला. येरळेच्या वरच्या खोऱ्यात, खटाव आणि खानापूर तालुक्यांत, तोवर कितीही बंधारे घातलेले असते तरी ब्रह्मनाळच्या पाण्याची पातळी ठरवणारी नदी ती नव्हती. गावात शिरलेले पाणी प्रामुख्याने सह्याद्रीकडून आले होते.

मग बंधाऱ्याने पूर अडतच नाही का? अडतो, पण त्याच्या मापाचा. पाच चौरस किलोमीटरचे एक लहान पाणलोट घेऊ. दोन-तीन वाड्यांचे शिवार त्यात सहज बसते. तिथे एका दुपारी वळवाचा 50 मिलिमीटर पाऊस झाला तर अडीच लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले तीस टक्के ओढ्याला आले असे मानले तर पाऊण लाख घनमीटर पाणी गावाच्या फरशी पुलाकडे निघाले. वर दहा टीसीएमचे पाच बांध कोरडे असतील तर त्यातले पन्नास हजार घनमीटर वाटेतच थांबते. फरशीवरून कमरेइतके जायचे ते घोट्याइतके जाते. ओढ्याकाठच्या माणसाच्या लेखी हा पूर अडला, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी तितकाच पाऊस पुन्हा झाला तर मात्र भरलेले बांध काहीच अडवत नाहीत. जमीन ओली असल्याने ओढ्याला येणारे पाणीही तीस टक्क्यांवर थांबत नाही. फार तर पुराचे टोक थोडे उशिरा येते.

म्हणजे पुराच्या दृष्टीने बंधाऱ्याची मोलाची गोष्ट त्यातली रिकामी जागा आहे. आपल्याकडे हे पचायला जड जाते. भरलेला बंधारा फोटोत शोभतो, त्याचे जलपूजन होते, नारळ फुटतो. गळक्या दगडी बांधाचे उद्‌घाटन कोणी ठेवत नाही.

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधल्या पिकरिंग गावाने नेमका गळक्या बांधांचाच रस्ता धरला. 1999 ते 2007 या काळात ते गाव चार वेळा पुरात सापडले होते. मोठी पूरभिंत परवडेना, तेव्हा वरच्या रानात ओढ्यांवर लाकडाचे ओंडके आडवे टाकून मुद्दाम फटी ठेवलेले बांध घातले, झाडे लावली, आणि पुराचे पाणी तात्पुरते सामावून घेणारा सुमारे 1,20,000 घनमीटरचा एक भराव बांधला. 2015 च्या नाताळात उत्तर इंग्लंड पाण्यात असताना पिकरिंग वाचले. नंतरच्या विश्लेषणात पुराचे टोक 15 ते 20 टक्क्यांनी खाली आल्याचे दिसले. यात पाहण्याजोग्या गोष्टी दोन. एक, ते पाणलोट 70 चौरस किलोमीटरहूनही लहान होते. दुसरी, पाऊस थांबला की ते ओंडक्यांचे बांध आपोआप रिकामे होत आणि पुढच्या सरीसाठी जागा करून ठेवत.

महाराष्ट्राच्या पाणलोट कामात ही कल्पना नवी नाही. माथा ते पायथा असे जे म्हणतात त्याचा अर्थ हाच आहे. डोंगराच्या माथ्यावर सलग समतल चर, खालच्या ओघळींवर अनगड दगडी बांध, त्याखाली जाळीत दगड भरलेले गॅबियन, शेतांच्या ताली, मग माती नाला बांध, आणि सिमेंटचा बांध सगळ्यांत शेवटी. वरच्या उपचारांनी पाण्याचा वेग मोडतो आणि माती जागेवर राहते. हे न करता थेट खाली सिमेंटची भिंत उभी केली तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत ती गाळाने भरते. गाळाने भरलेल्या बांधात पाणी राहत नाही आणि पूरही अडत नाही. सरकारने 2017 मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली ती उगाच नव्हे. तरीही क्रम उलटा होतो. चर खणायला गावाला महिनोन्‌महिने राबावे लागते, सिमेंटला एक ठेकेदार पुरतो.

पुराचे झाले, आता वाहण्याचे. बंधारे घातल्यावर ओढा जास्त दिवस वाहतो की कमी? उत्तर कुठे उभे राहून विचारता यावर ठरते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या चिरिकाहुआ डोंगरात एका खोऱ्यात अनेक वर्षे खपून हजारो लहान दगडी बांध घातले गेले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी ते खोरे आणि शेजारचे बांध नसलेले खोरे यांची तुलना केली. बांधांच्या खोऱ्यात पुराचे टोक बोथट झाले, आणि एकूण वाहिलेले पाणी सुमारे 28 टक्क्यांनी जास्त भरले. राजस्थानातल्या अरवरी नदीवर तरुण भारत संघाने घातलेल्या जोहडांची, म्हणजे मातीच्या लहान बांधांची, कीर्ती आपल्याकडे घराघरांत आहे. तिथे सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या मांडणीत मात्र साठवण वाढवत नेली तशी मुरण वाढली आणि नदीतून खाली जाणारे पाणी घटले. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. एका ठिकाणी मुरलेले पाणी हळूहळू ओढ्यातच परत आले. दुसऱ्या ठिकाणी अडलेल्या आणि मुरलेल्या पाण्यावर शेती उभी राहिली, तेव्हा खाली जायला तेवढे उरले नाही.

सातारा-सांगलीच्या पूर्व भागात या दोन्ही गोष्टी एकाच शिवारात घडतात. जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, थरावर थर रचलेला. वर मुरूम, खाली सच्छिद्र मांजऱ्या, मध्येच गेरूचा पट्टा, आणि त्याखाली अखंड कातळ, ज्यात पहार शिरत नाही. पाणी मुरते ते वरच्या थरांत आणि भेगांत. ही तिजोरी लहान आहे. घनफुटामागे पाण्याचा वाटा फार थोडा. म्हणून एका पावसात विहीर तुडुंब होते आणि मार्चला तळ दिसतो. पाण्याला खाली जाता येत नाही तेव्हा ते आडवे सरकते आणि अर्ध्या किलोमीटरवर त्याच ओढ्याच्या काठातून झिरपून बाहेर येते. कामे नीट झालेल्या गावांत ओढा जास्त दिवस वाहतो तो या झिरपण्यामुळे.

कोरेगाव तालुक्यातले वेळू 2016 च्या पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये राज्यात पहिले आले. 2018 मध्ये तोच मान माणमधल्या आंधळीच्या टाकेवाडीला मिळाला. त्या उन्हाळ्यांत लोकांनी पहाटे आणि रात्री कुदळ-फावडे चालवले, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली मंडळी सुटी काढून आली. ती मेहनत खरी आणि तिचे फळही खरे. पण स्पर्धेचे माप 45 दिवसांत किती घनमीटर काम झाले याचे होते, आणि पाण्याचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. वाढलेल्या पाण्यावर ज्वारी-हरभरा घ्यायचा की ऊस लावायचा? आटपाडीचे डाळिंब आणि तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षे यांनी या भागाला पैसा दाखवला हे कोणी नाकारणार नाही. बागेला पाणी कमी पडले की बोअर खोल जाते, आणि बोअर खोल गेली की वरच्या थरातले ओढ्याकडे निघालेले पाणीही वाटेतच उचलले जाते. बंधारा तसाच उभा असतो. ओढा मात्र पूर्वीपेक्षा लवकर आटतो.

खालच्या गावांचाही विचार करावा लागतो. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, म्हसवडवरून आटपाडीत उतरते आणि सांगोला ओलांडून पंढरपूरजवळ भीमेला मिळते. 1876 च्या दुष्काळानंतर इंग्रजांच्या काळात म्हसवडजवळ बांधलेला राजेवाडीचा तलाव याच नदीवर जगतो. वर माणमध्ये अडणारे पाणी या तलावाकडे निघालेल्या पाण्यातूनच अडते. पहिला हक्क वरच्या माणसाचा असे म्हणता येईल. गरजू तोही आहेच. पण पाचशे मिलिमीटरच्या मुलखात बंधारा पाणी निर्माण करत नाही, ते पावसाळ्यातून हिवाळ्यात आणि खालच्या शिवारातून वरच्या शिवारात हलवतो. कोणत्याही पाणलोट अहवालात हे वाक्य पहिल्या पानावर असायला हवे.

वाटपाचा हा प्रश्न फार सरळपणे विचारला तो येरळेकाठच्या बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी. खानापूर तालुक्यातली ही गावे. 1980 च्या दशकात, गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळाने टेकीला आलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. कार्यकर्ते भारत पाटणकर त्यांच्यासोबत होते, तांत्रिक बाजूला के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते उभे राहिले. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. ती वाळू गावाची आहे, तिचा थोडा भाग विकून त्या पैशातून आम्ही बंधारा बांधू, असे गावकऱ्यांनी सरकारला ठणकावले. दशक संपता-संपता बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाण्यातला वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबांना समान द्यायचा आणि भूमिहीनालाही द्यायचा, हा त्यामागचा करार. वाळूचा मुद्दा भावनेचा नव्हता. कातळाच्या तुलनेत वाळूत पाणी कितीतरी जास्त राहते आणि उन्हाने फारसे उडतही नाही. वाळू उपसलेल्या नदीत पूर वेगाने येतो, वेगाने जातो आणि मागे काही ठेवत नाही.

कामांचा हिशेब कसा ठेवू नये याचे उदाहरणही महाराष्ट्राकडे आहे. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले. 2020 मध्ये कॅगने सांगितले की 9,600 कोटींहून अधिक खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होणे आणि भूजल वाढणे यांवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर राजकीय धुरळा उडाला, आणि पुढे सरकार बदलल्यावर योजनेचा दुसरा टप्पाही आला. खरी अडचण अशी की ओढ्यातून किती पाणी वाहते हे मोजायची सोय बहुतेक ठिकाणी नव्हतीच. मोठ्या नद्यांवर मापक आहेत. ओढ्यावर एक आखीव पट्टीसुद्धा नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पहिल्या जलसाठा गणनेत जलसंधारणाच्या कामांत महाराष्ट्र आघाडीवर दिसतो. ती गणना बांधांची आहे, पाण्याची नव्हे.

मोजणे आता आणखी कठीण झाले आहे, कारण पूर्वेकडच्या बंधाऱ्यांत दोन प्रकारचे पाणी एकत्र आले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजना कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. हे पाणी नदी-ओढ्यांत सोडून बंधारे भरून घेतात. याच भागातल्या अग्रणी नदीचे रुंदीकरण झाले, तिच्यावर बंधारे झाले, जलपुरुष राजेंद्र सिंह येऊन गेले, नदी जिवंत झाल्याचा गाजावाजा झाला. आज तिच्यात दिसणारे पाणी पावसाचे किती आणि योजनेचे किती, हे नुसते पाहून सांगता येत नाही. शेतकऱ्याला त्याने फरक पडत नाही, आणि का पडावा? पण बंधाऱ्याने काय केले हे सांगू पाहणाऱ्याला फार पडतो.

बंधारा स्वतःच पूर घडवतो ते प्रकारही लक्षात ठेवायला हवेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरताना बरगे घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बरगे वेळेवर निघाले नाहीत, किंवा गाळ्यांत झाडाझुडपांचा पाला-ओंडका अडकला, की पाणी बगल देते आणि काठाची शेती खरवडून नेते. मातीच्या बांधाचा सांडवा अपुरा असेल तर पाणी भरावावरून जाते आणि भराव फुटतो. एकाखाली एक अशा ओळीत वरचा फुटला की त्याचे सगळे पाणी एकदम खालच्यावर येते. पाच बांधांनी तासाभरात थोपवलेले पाणी पाच मिनिटांत सुटले तर तो पूर पावसाने आणला नसता इतका वाईट असतो. ओढ्याकाठची मंडळी 'बंधाऱ्यांमुळे पूर' म्हणतात तेव्हा त्यांनी बहुधा असेच काहीतरी पाहिलेले असते.

रिकाम्या जागेच्या हिशेबातून निघणारा पेच सध्या सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्यावर फारसे बोलले जात नाही. पश्चिमेला महापूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. त्या वेळी माण, आटपाडी, जतचे बंधारे बहुधा कोरडे असतात, कारण तिकडचा खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, परतीचा. म्हणून महापुराचे पाणी उचलून पूर्वेला न्यावे ही कल्पना जोरात आहे आणि जागतिक बँकेच्या मदतीने तिची आखणीही चालू आहे. सांगलीचा पूर त्याने ओसरणार नाही. पंपांनी हजार क्युसेक उचलले तरी लाख क्युसेकच्या नदीतून तो एक टक्का. पण कोरडे बंधारे ऑगस्टमध्येच भरतील, हा लाभ खरा आहे. आता ऑक्टोबर 2020 आठवावा. बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने त्या महिन्याच्या मध्यावर सांगलीचा पूर्व भाग आणि सोलापूर जिल्हा झोडपून काढला, माणगंगा आणि अग्रणी दुथडी वाहिल्या. तसा पाऊस परत येईल तेव्हा ऑगस्टमध्ये काठोकाठ भरून ठेवलेल्या बंधाऱ्यांत त्याला जागा नसेल. किती भरायचे, किती मोकळे ठेवायचे, आणि कोणत्या तारखेला कोणत्या ओढ्याचे पाणी खाली सोडायचे, हे ठरवणारा माणूस आज ना पाटबंधारे खात्यात नेमलेला आहे, ना ग्रामपंचायतीत.